बाय-अ‍ॅम्पिंग

एकाच स्पीकरमधल्या वूफरला (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या भागाला) एक अ‍ॅम्प्लिफायर आणि ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागाला) दुसरा, अशा जोडणीला बाय-अ‍ॅम्पिंग म्हणतात. घरी संगीत ऐकणाऱ्या हौशी मंडळींत वरच्या स्वरांना व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प आणि खर्जाला ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास-डी (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर चालणारा) अ‍ॅम्प ही जोडी आवडीची आहे. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (आतला विद्युत विरोध) अगदी कमी असतो, त्यामुळे वूफरच्या शंकूसारख्या हलत्या पडद्यावर त्याची पकड राहते आणि डग्ग्याची घुमारी उगाच रेंगाळत नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची ही पकड सैल असते. ट्वीटरच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही.

स्पीकरला टर्मिनलच्या दोन जोड्या हव्यात. त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, धन आणि ऋण दोन्ही बाजूंच्या, आधी काढाव्याच लागतात. त्या राहिल्या तर दोन अ‍ॅम्पची आउटपुट एकमेकांना भिडतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो.

पट्ट्या काढून स्पीकरमधला क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणारे सर्किट) तसाच ठेवला, तर ती पॅसिव्ह पद्धत. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. दोन्ही अ‍ॅम्पना संपूर्ण सिग्नल मिळतो. विभागला जातो तो फक्त करंट. वरचा छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प खर्जाच्या व्होल्टेजनेच क्लिप होतो, म्हणजे क्षमता संपून लहरींची टोके कापली जातात, आणि त्यातून निघालेली विकृती थेट ट्वीटरमध्ये जाते.

खरा फायदा अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत आहे. तिथे इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर अ‍ॅम्पच्या आधीच सिग्नल विभागतो. समजा, खर्जाचे शिखर २० व्होल्ट आणि वरच्या स्वरांचेही २०. एकाच अ‍ॅम्पला मिळून ४० व्होल्ट द्यावे लागतात, म्हणजे ८ ओहमवर १०० वॉटची क्षमता हवी. वेगळे केले की २५ वॉटचे दोन अ‍ॅम्प पुरतात. मात्र स्पीकरमधला क्रॉसओव्हर वगळून ट्वीटर थेट अ‍ॅम्पला जोडला जात असल्याने, चालू करतानाच्या धक्क्यापासून वाचवायला त्याच्या मालिकेत कपॅसिटर घालणे शहाणपणाचे.

वेगळ्या जातीच्या अ‍ॅम्पमधली मुख्य अडचण गेनची, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढतो त्याची. एकाचा २६ डेसिबल आणि दुसऱ्याचा २९ असेल, तर तो ३ डेसिबलचा फरक गायकाच्या आवाजात लगेच कळतो. म्हणून जास्त गेनच्या अ‍ॅम्पच्या इनपुटला पोटेन्शिओमीटर (सिग्नल कमी-जास्त करायची फिरकी) लावतात, मल्टिमीटरने दोन्हींचे व्होल्टेज जुळवतात आणि शेवटची जुळणी कानाने करतात. एखादा अ‍ॅम्प फेज उलटवत (सिग्नलचे धन-ऋण उलटे करत) असेल, तर त्याच्या स्पीकर-तारा अदलाबदल करून जोडाव्या लागतात. नाहीतर क्रॉसओव्हरच्या आसपासचे स्वर पोकळ ऐकू येतात.