श्रीमंतांची करटाळणी आणि करन्याय (भारत)

कायदा न मोडता, त्यातल्याच सवलती, व्याख्या आणि उणिवा वापरून आपल्यावरचा कर कमी करून घेणे याला करटाळणी म्हणतात. उत्पन्न दडवणे, खोटी बिले लावणे, दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता ठेवणे ही करचुकवेगिरी झाली; तिला दंड आहे, तुरुंगवासही आहे. करटाळणीत कागदपत्रे चोख असतात, सही सनदी लेखापालाची असते आणि विवरणपत्र वेळेत भरलेले असते. करन्यायाच्या कसोट्या जुन्या आहेत : सारखी ऐपत असणाऱ्यांनी सारखा कर द्यावा, आणि ऐपत वाढेल तसा कराचा वाटाही वाढावा. भारताच्या प्राप्तिकरात या दोन्ही कसोट्या सर्वांत वरच्या थरावर कोलमडतात. त्याचे मुख्य कारण लबाडी नाही. प्राप्तिकर हातात पडलेल्या उत्पन्नावर बसतो आणि फार श्रीमंतांची संपत्ती बहुतेक वेळा ‘उत्पन्न’ होऊन हातात पडतच नाही.

हे आकड्यांत पाहता येते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनुसार, नव्या करप्रणालीत ज्याचा पगार दोन कोटी रुपयांच्या वर आहे त्याला वरच्या टप्प्यावर ३० टक्के कर, त्या कराच्या रकमेवर २५ टक्के अधिभार आणि या दोन्हींच्या बेरजेवर ४ टक्के उपकर असा एकूण ३९ टक्के दर पडतो. तेवढीच रक्कम वर्षभरापेक्षा जास्त काळ ठेवलेले सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेले) शेअर विकून मिळवली, तर दर साडेबारा टक्के आहे. या नफ्यावरचा अधिभार कायद्याने १५ टक्क्यांवर रोखला आहे, त्यामुळे सगळे धरून १४.९५ टक्के भरले की काम होते. २००४ ते २०१८ या काळात तर शेअर बाजारात विकलेल्या अशा शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर प्राप्तिकर शून्य होता. पगारदाराचा कर पगार हाती येण्याआधीच टीडीएस म्हणून कापला जातो. शेअर कधी विकायचे, की विकायचेच नाहीत, हे मात्र भागधारक स्वतः ठरवतो.

ज्याला विकण्याची गरज नाही त्याचा मार्ग आणखी सोपा आहे. कंपनीचा प्रवर्तक (ती उभी करणारा, तिचे बरेच शेअर हाती असलेला) स्वतःला माफक पगार लावून घेतो. शेअरचे मोल वाढत जाते, पण ती वाढ करपात्र नसते. खर्चासाठी पैसा लागला तर शेअर तारण ठेवून कर्ज काढता येते, आणि कर्ज हे उत्पन्न नसल्याने त्यावर कर नाही. अमेरिकेतील पंचवीस सर्वांत धनाढ्य व्यक्तींच्या विवरणपत्रांची माहिती २०२१ मध्ये बाहेर आली, तेव्हा हे चित्र लख्ख दिसले. २०१४ ते २०१८ मध्ये त्यांची संपत्ती मिळून ४०१ अब्ज डॉलरने वाढली होती आणि त्यांनी भरलेला संघीय प्राप्तिकर १३.६ अब्ज डॉलर, म्हणजे त्या वाढीच्या ३.४ टक्के होता. भारतात अशी विवरणपत्रे उघड झालेली नाहीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे राम सिंग यांनी मात्र लोकसभा उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचा आधार घेऊन संपत्ती आणि जाहीर उत्पन्न यांचा मेळ घातला. कुटुंब जितके श्रीमंत, तितके त्याचे जाहीर उत्पन्न संपत्तीच्या मानाने लहान, असे त्यांना आढळले.

शेतीचे उत्पन्न : भारतातली सर्वांत जुनी पळवाट १८८६ च्या प्राप्तिकर कायद्यात आहे. शेतकरी शेतसारा भरतो म्हणून शेतीच्या उत्पन्नाला त्या कायद्याने सूट दिली. पुढे १९३५ च्या भारत सरकार कायद्याने आणि नंतर संविधानाने शेती उत्पन्नावरील कर हा प्रांतांचा, म्हणजे राज्यांचा विषय ठरवला. चहा-कॉफीच्या मळ्यांची राज्ये वगळली तर तो कोणी मनापासून वसूल केला नाही. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने मोठ्या जमीनधारणेवर कर सुचवला, तो कागदावरच राहिला. १९७३ मध्ये एवढेच झाले की बिगरशेती उत्पन्नावरचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरू लागले.

महाराष्ट्रात याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला या सुटीचा काहीच उपयोग नाही, कारण सूट नसती तरी त्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खालीच राहिले असते. सूट फळते ती दुसरा मोठा धंदा किंवा नोकरी असून शिवाय सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. कूळकायद्यानुसार राज्यात शेतजमीन विकत घ्यायची तर सामान्यतः आधी शेतकरी असावे लागते, त्यामुळे ‘शेतकरी’ असल्याचा पुरावा हाच मौल्यवान होतो. एकदा जमीन हाती आली की अन्य मार्गाने आलेला पैसा द्राक्षांच्या किंवा डाळिंबांच्या विक्रीतून आला असे दाखवणे कठीण राहत नाही. तिथे करटाळणी आणि करचुकवेगिरी यांच्यातली रेघ पुसली जाते. पुरेशी कागदपत्रे न तपासताच अशी सूट मान्य केल्याची प्रकरणे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात दाखवून दिली. शिवाय शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची (मोठ्या शहरांसाठी आठ किलोमीटर) शेतजमीन कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही. ती कितीही नफ्याने विकली तरी त्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. शेतकऱ्यावर कर बसवायला कोणताही पक्ष धजत नाही हे खरे, पण खऱ्या शेतकऱ्याला वगळून वर्षाला लाखो रुपये शेतीतून मिळवणाऱ्यांपुरता कर बसवणे अशक्य नव्हते. ते टाळण्यासाठी गरीब शेतकऱ्याची ढाल करणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

कुटुंबाची विभागणी : चढत्या दरांच्या करात एकच उत्पन्न दोन-तीन खात्यांत वाटले की कर उतरतो. हिंदू अविभक्त कुटुंब हे (जैन, बौद्ध व शीख कुटुंबांसह) स्वतंत्र करदाते मानले जाते, म्हणून वडिलोपार्जित मालमत्ता असलेल्या घरात बाप, मुलगा आणि ‘एचयूएफ’ अशी वेगवेगळी विवरणपत्रे निघतात. मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबाला ही सोय नाही. पगार मात्र कुटुंबाच्या खात्यात टाकता येत नाही. पत्नी, सून आणि अज्ञान मुले यांच्या नावावर वळवलेले उत्पन्न मूळ मालकाच्याच उत्पन्नात मिळवण्याचे नियम नंतर कडक होत गेले.

गोव्याची स्थिती निराळी आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहानंतर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ५अ नुसार घरभाडे, व्यवसाय, भांडवली नफा व इतर उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे धरले जाते. पगाराला हा नियम लागू नाही. पत्नीचा मालमत्तेवरचा हक्क मान्य करणारी ही तरतूद मुळात चांगली आहे, तिला पळवाट म्हणणे बरोबर होणार नाही. तरी पणजीतल्या इमारतीच्या मालकाला तिचा लाभ होतो आणि तिथल्याच शिक्षकाच्या पगाराला होत नाही, ही विषमता उरतेच.

न्यायालयांची भूमिका : ब्रिटनमधील वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या खटल्यात १९३५ मध्ये, कर कमी पडेल अशा रीतीने आपले व्यवहार आखण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असा निर्णय झाला. ड्यूकने माळ्याचा पगार वार्षिक देणगीच्या करारात बदलला होता. भारतात सर्वोच्च न्यायालयाने मॅकडॉवेल खटल्यात (१९८५) हा विचार नाकारला. नियोजन कायदेशीर असू शकते, पण बनाव म्हणजे नियोजन नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यात करटाळणीचे सामाजिक दुष्परिणामही रोखठोक मांडले. पण २००३ च्या आझादी बचाव आंदोलन खटल्यात न्यायालय पुन्हा जुन्या विचाराकडे झुकले. तो खटला मॉरिशसबद्दल होता. १९८२ च्या करारानुसार मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय शेअर विकून मिळवलेल्या नफ्यावर फक्त मॉरिशसला कर लावता येई, आणि मॉरिशस असा कर घेतच नसे. २००० मधील एका परिपत्रकाने तिथले रहिवासी प्रमाणपत्र पुरेसे ठरवले. त्यामुळे मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईमधील एका पत्त्यावरून चालणाऱ्या कागदी कंपन्यांमार्फत भारतातलाच पैसा परदेशी गुंतवणूक म्हणून परत येऊ शकत होता. ही वाट बंद व्हायला २०१६ ची दुरुस्ती आणि १ एप्रिल २०१७ ही तारीख उजाडावी लागली.

व्होडाफोन प्रकरण याच मालिकेतले. २००७ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या हचिसन एस्सार या मोबाइल कंपनीतील ६७ टक्के हितसंबंध केमन बेटांवरील एका कंपनीचे शेअर हस्तांतरित करून व्होडाफोनला विकले गेले. सुमारे ११ अब्ज डॉलरच्या या सौद्यावर प्राप्तिकर विभागाने ११ हजार कोटींहून अधिक कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने विभागाची बाजू मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी ती फेटाळली. त्यानंतर सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदा बदलला, २०२० मध्ये हेगच्या लवादाकडे हरले आणि २०२१ मध्ये ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली. झालेल्या सौद्यावर मागाहून कायदा लादणे चूक होते, पण भारतातल्या ग्राहकांवर उभ्या राहिलेल्या धंद्याच्या विक्रीवर भारतात कर नसावा हेही पटण्यासारखे नव्हते. केवळ कर टाळण्यासाठी केलेले व्यवहार नाकारण्याचा अधिकार देणारे सर्वसाधारण नियम (गार) १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले.

संपत्ती व वारसा : ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर भारताने संपत्ती कर (१९५७) व देणगी कर (१९५८) आणले, मृत्युकर १९५३ पासून होताच. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला. संपत्ती कर मिळवला की काहींचे देणे उत्पन्नापेक्षा जास्त होई. असे दर न्याय्य नव्हते आणि काळ्या पैशाला त्यांनीच खतपाणी घातले, हे प्रत्यक्ष करांच्या चौकशीसाठी नेमलेल्या वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितले होते. मृत्युकर १९८५ मध्ये गेला तेव्हा त्याची वसुली वर्षाला जेमतेम २० कोटी होती. देणगी कर १९९८ मध्ये आणि वर्षाला १,००८ कोटी देणारा संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला. वसुली कमी म्हणून कर रद्द, असे तिन्ही वेळा सांगितले गेले. संपत्ती करात शेअर धरलेच जात नव्हते आणि सवलतींची यादी लांब होती, म्हणून वसुली कमी होती. ते दुरुस्त करण्याऐवजी करच काढला. आज वारशाने कितीही मिळो, त्यावर कर नाही. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ मधील अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या संपत्तीपैकी ४०.१ टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती.

भार कोणावर : २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यानंतर व्यक्तींच्या प्राप्तिकराची वसुली कंपनी कराच्या पुढे गेली : २०२३-२४ मध्ये ती सुमारे १०.४ लाख कोटी होती, कंपनी कर सुमारे ९.१ लाख कोटी. वस्तू व सेवा कर तर ऐपत विचारतच नाही. मोबाइलच्या रिचार्जवर बांधकाम मजूर आणि बिल्डर दोघेही १८ टक्केच देतात. मजुराची कमाई जवळजवळ पूर्ण खर्च होते, बिल्डरच्या उत्पन्नाचा थोडाच भाग खर्च होतो, म्हणून उत्पन्नाच्या प्रमाणात मजुराचा भार मोठा असतो.

सुधारणा अधूनमधून झाल्या आहेत. शेअर विकून आलेले पैसे महागड्या घरात गुंतवून मिळणाऱ्या सुटीला २०२३ मध्ये दहा कोटींची मर्यादा घातली गेली. दुबईसारख्या ठिकाणी राहून कुठेच करदाता न ठरणाऱ्या, पण भारतातून १५ लाखांहून अधिक उत्पन्न मिळवणाऱ्या भारतीय नागरिकांना २०२० पासून इथलेच रहिवासी धरले जाते. जागतिक पातळीवर, जी-२० चे अध्यक्षपद ब्राझीलकडे असताना २०२४ मध्ये फ्रेंच अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झ्युकमन यांनी सुमारे तीन हजार अब्जाधीशांकडून संपत्तीच्या किमान दोन टक्के कर घ्यावा असे सुचवले. त्यातून वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर मिळतील असा त्यांचा हिशेब आहे. फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने या धर्तीचे विधेयक फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर केले, सिनेटने ते जूनमध्ये फेटाळले. श्रीमंत देश सोडून जातील हा आक्षेप खरा आहे, पण देश सोडताना कर घेण्याची तरतूद अनेक देशांत आहे. भारतात असा कर आणायचा तर आधी कोणाकडे किती आहे हे कळावे लागेल. संपत्ती कर गेल्यापासून ती माहिती प्राप्तिकराच्या विवरणपत्रातील एका परिशिष्टापुरती उरली आहे. ते वर्षाला एक कोटीच्या वर उत्पन्न दाखवणाऱ्यांनीच भरायचे असते, आणि त्यातही मालमत्तेची आजची किंमत न मागता खरेदीची किंमत मागितली जाते.