गुलामगिरीपासून समलिंगी विवाहापर्यंत: ख्रिस्ती श्रद्धेतला जुना वाद

गर्भपात, समलिंगी विवाह, स्त्रियांची गुरुदीक्षा (धर्मगुरू म्हणून नेमणूक) हे विषय निघाले की एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला आधुनिक समाज, असं चित्र रंगवलं जातं. ते अपुरं आहे. हा वाद मुख्यतः चर्चच्या आत चालला आहे आणि दोन्हीकडची माणसं मनापासून ख्रिस्ती आहेत.

त्याचं मूळ बायबलच्या ख्रिस्तोत्तर भागात, म्हणजे नव्या करारातच सापडतं. ख्रिस्ताच्या ठायी दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद उरत नाही, असं गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल म्हणतो. इफिसकरांस लिहिलेलं पत्र मात्र दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगतं. यातलं सर्वकाळचं काय आणि त्या काळापुरतं काय, हे कोणी ठरवायचं?

या प्रश्नाची खरी कसोटी गुलामगिरीने घेतली. 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी (एका शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांनी) गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. ब्रिटिश संसदेने 1807 मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, त्यामागे खासदार विल्यम विल्बरफोर्स यांच्यासारख्या इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) ख्रिस्ती मंडळींचा दीर्घ लढा होता. पण त्याच पंथधारेतल्या अमेरिकन बॅप्टिस्टांमध्ये, गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही, यावरून फूट पडली आणि 1845 मध्ये दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांचा वेगळा संघ, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, जन्माला आला. गुलामगिरीच्या समर्थकांकडे बोट ठेवून दाखवता येतील अशी वचनं होती. विरोधकांची भिस्त शुभवर्तमानाच्या एकूण आशयावर होती. कन्व्हेन्शनने माफी मागितली ती 1995 मध्ये.

सुधारणावादी ख्रिस्ती आजही या इतिहासाचा दाखला देतात. परंपरावाद्यांचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे: बायबलमध्ये गुलामगिरी आढळते, पण ती देवाने स्थापलेली नाही, स्त्री-पुरुषांचा विवाह मात्र उत्पत्तीच्या पुस्तकापासून सृष्टीच्या रचनेचाच भाग आहे. म्हणून ही तुलना त्यांना मान्य नाही.

रोमची, म्हणजे कॅथलिक चर्चची, वाट निराळी. 1864 मध्ये पोप नववे पायस यांनी चुकीच्या मतांची यादी प्रसिद्ध केली; पोपने प्रगती आणि उदारमतवादाशी जुळवून घ्यावं, हे मतही त्या यादीत होतं. 1891 मध्ये तेरावे लिओ कामगारांच्या न्याय्य वेतनासाठी आणि संघटनेच्या हक्कासाठी उभे राहिले. 1965 मध्ये जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य मान्य केलं.

परंपरा म्हणजे निव्वळ हट्ट, असं मानणाऱ्यांनी 1930 हे साल पाहावं. त्या काळी ‘सुप्रजनन’, म्हणजे ‘अयोग्य’ ठरवलेल्यांची संतती रोखून वंश सुधारण्याची कल्पना, प्रगत विचार गणला जाई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये सक्तीची नसबंदी वैध ठरवली होती. पोप अकरावे पायस यांनी 1930 च्या परिपत्रकात तिचा स्पष्ट निषेध केला. त्याच परिपत्रकात त्यांनी गर्भनिरोधनही निषिद्ध ठरवलं, तर त्याच वर्षी अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) बिशपांनी ते मर्यादित प्रमाणात मान्य केलं होतं. पुढे पोपच्याच आयोगातलं बहुमत बदलाच्या बाजूने होतं, तरी 1968 मध्ये पोप सहावे पॉल यांनी गर्भनिरोधनावरची बंदी कायम ठेवली.

गर्भपाताला राजकीय धार त्यानंतर चढली. 1971 मध्ये सदर्न बॅप्टिस्टांच्या ठरावाने बलात्कारासारख्या काही परिस्थितींत कायदेशीर गर्भपाताला पाठिंबा दिला होता, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. अमेरिकेत गर्भपाताला घटनात्मक हक्क ठरवणारा 1973 चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल आणि 1979 मध्ये स्थापन झालेली ‘मॉरल मेजॉरिटी’ ही परंपरावादी ख्रिस्ती राजकीय संघटना यांनंतर हवा पालटली.

स्त्रियांच्या गुरुदीक्षेला चर्च ऑफ इंग्लंडने 1992 मध्ये संमती दिली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1994 मध्ये कॅथलिकांसाठी ते दार बंदच असल्याचं जाहीर केलं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये जीन रॉबिन्सन हे उघडपणे समलिंगी असलेले धर्मगुरू बिशप झाले आणि अँग्लिकन जगात मोठा तडा गेला. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्च या प्रॉटेस्टंट पंथातून याच प्रश्नावरून 2019 ते 2023 या काळात सुमारे 7,600 स्थानिक मंडळ्या बाहेर पडल्या; 2024 मध्ये त्या चर्चने समलिंगी धर्मगुरूंवरील बंदी उठवली.

हा वाद आता खंडांमधलाही आहे. बहुसंख्य ख्रिस्ती आज आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात राहतात. डिसेंबर 2023 मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना उपासनाविधीबाहेर आशीर्वाद देण्याची मुभा दिली, तेव्हा पुढच्याच महिन्यात आफ्रिकेतल्या बिशपांच्या परिषदांनी एकत्रित निवेदन काढून, आपल्याकडे असे आशीर्वाद देणं योग्य होणार नाही, असं कळवलं.