शाळेतून तुरुंगाकडे : अमेरिकेतील लोकचळवळ

किरकोळ बेशिस्तीसाठी विद्यार्थ्याला वारंवार निलंबित करणे, शाळेतून काढणे किंवा थेट पोलिसांच्या हवाली करणे, आणि त्यातून शिक्षण तुटून त्याची पावले बालन्यायालयाकडे व पुढे तुरुंगाकडे वळणे, या क्रमाला अमेरिकेत ‘स्कूल टू प्रिझन पाइपलाइन’ म्हणतात. तो थांबवण्याच्या लढ्यात पालक व विद्यार्थ्यांच्या स्थानिक संघटनांचा वाटा मोठा आहे.

शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर काढण्याची अट १९९४ च्या संघराज्यीय कायद्याने घातली. ‘झिरो टॉलरन्स’ नावाची ही कठोरता पुढे मारामारी, उद्धटपणा, उशिरा येणे इथपर्यंत पसरली आणि १९९९ मध्ये कोलंबाइन येथील शाळेत गोळीबारातून झालेल्या हत्याकांडानंतर शाळांतील पोलिसांची संख्याही वाढली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेक्सासमधील अभ्यासात सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सातवी ते बारावीच्या काळात त्यांपैकी जवळजवळ ६० टक्के विद्यार्थ्यांवर एकदा तरी निलंबनाची किंवा शाळेतून काढण्याची कारवाई झाली होती, मात्र कायद्याने बंधनकारक अशा कारवाया केवळ ३ टक्के होत्या. बाकी सर्व निर्णय शाळांच्या मर्जीतले होते. या मर्जीचा भार कृष्णवर्णीय मुलांवर अधिक पडला. २०११-१२ च्या सरकारी आकडेवारीनुसार बालवाडीत त्यांचे प्रमाण १८ टक्के होते, तर एकाहून अधिक वेळा निलंबित झालेल्या बालकांत ते ४८ टक्के होते. बालवाडीतल्या मुलाला घरी बसवण्याला शिस्त म्हणणे कठीण आहे.

कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरातील ‘पाद्रेस इ होवेनेस उनिदोस’ ही संघटना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका प्राथमिक शाळेच्या प्रश्नावरून उभी राहिली. तेथे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिक्षा म्हणून जेवणघराच्या फरशीवर बसून जेवायला लावले जात होते. तिच्या पाठपुराव्यामुळे २००८ मध्ये शहरातील शाळांची शिस्तनियमावली बदलली, २०१२ मध्ये कोलोरॅडोने राज्य कायदा केला आणि २०१३ मध्ये शाळेने हाताळायची बेशिस्त व पोलिसांनी हाताळायचा गुन्हा वेगळे करणारा लेखी करार पोलिसांशी झाला. लॉस एंजेलिसमध्ये लढा ‘हेतुपुरस्सर अवज्ञा’ या कलमाभोवती फिरला. टोपी न काढणे किंवा वही-पुस्तक न आणणे यांसारख्या गोष्टीही त्यात बसवता येत असल्याने ते कलमच हटवण्याचा आग्रह धरला गेला, आणि मे २०१३ मध्ये तेथील शिक्षण मंडळाने या कारणावरील निलंबन बंद केले.

कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये २००७ पासून एका माध्यमिक शाळेत ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’चा प्रयोग झाला. यात भांडलेली मुले, शिक्षक व पालक वर्तुळात बसतात, एक वस्तू हातोहात फिरते आणि ती ज्याच्या हाती असेल त्यानेच बोलायचे असते; कोणाचे काय नुकसान झाले आणि ते कसे भरून काढायचे, हे सर्वांनी मिळून ठरवायचे असते. ‘ब्लॅक ऑर्गनायझिंग प्रोजेक्ट’ या स्थानिक संघटनेच्या दीर्घ मोहिमेनंतर २०२० मध्ये तेथील शाळांचे स्वतंत्र पोलीस दलही बरखास्त झाले.

या यशाला मर्यादा आहेत. कठोर शिस्तीतील वांशिक भेदभावाविरुद्ध २०१४ मध्ये दिलेल्या संघराज्यीय मार्गदर्शक सूचना डिसेंबर २०१८ मध्ये मागे घेण्यात आल्या. डेन्व्हरने २०२० मध्ये शाळांतून पोलीस हटवण्याचे ठरवले. पण मार्च २०२३ मध्ये एका शाळेत दोन कर्मचाऱ्यांवर गोळीबार झाल्यानंतर ते परत आणले गेले. निलंबनावर बंदी येते, पण समुपदेशक मिळत नाहीत, ही शिक्षकांची तक्रारही रास्त आहे, कारण वर्तुळात बसण्यासाठी वेळ आणि प्रशिक्षित माणसे लागतात. तरीही कॅलिफोर्नियाने अवज्ञेसाठीच्या निलंबनावरील बंदी २०१४ च्या कायद्यातील तिसरीपर्यंतच्या इयत्तांपासून वाढवत नेली आणि २०२३ च्या कायद्याने ती बारावीपर्यंत पोहोचवली.