कलम 479 खाली कच्च्या कैद्याची सुटका: नागपुरात अर्ज कोण करतो, कुठे करतो, कोणते कागद लागतात

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं विधेयक 20 डिसेंबर 2023 ला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झालं. चर्चेतलं एक वाक्य कैद्यांच्या घरांपर्यंत पोहोचलं: पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की तो सुटणार. विरोधी पक्षांचे बरेच खासदार तेव्हा निलंबित होते, आणि ही सवलत देणाऱ्या कलम 479 च्या अटींवर व्हायला हवा होता तेवढा खल झाला नाही. आज घरच्यांची फसगत होते ती या अटींमुळेच. 31 डिसेंबर 2022 ला देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. एवढ्या माणसांना लागू होणारं कलम नीट वाचून घ्यायला हवं.

आधीच्या दंड प्रक्रिया संहितेत कलम 436-अ होतं. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामीन, आणि वगळलेले फक्त फाशीच्या शिक्षेचे गुन्हे. कलम 479 ने पहिल्यांदा अडकलेल्यासाठी निम्म्याचा एक तृतीयांश केला, पण दोन दारं बंदही केली. ज्या गुन्ह्याला जन्मठेप ही एक शिक्षा म्हणून लिहिलेली आहे तोही आता बाहेर. आणि ज्याच्यावर एकाहून जास्त गुन्हे किंवा प्रकरणं चालू आहेत त्याला या मार्गाने जामीन नाही. ही दुसरी अट जुन्या कायद्यात नव्हती. चोरीच्या चार केसेस अंगावर असलेला पोरगा नेमका इथे अडकतो, आणि पैशाअभावी आत राहणाऱ्यांत असेच पुष्कळ असतात. संसदेने ही अट पुन्हा तपासावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपला माणूस बसतो का

आधी दोषारोपपत्र हातात घ्या आणि कलमं बघा. आरोपीला त्याची प्रत फुकट मिळते. सगळा हिशेब कलमांच्या कमाल शिक्षेवर चालतो.

साधी चोरी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 303(2), कमाल 3 वर्षं. एक तृतीयांश म्हणजे 1 वर्ष, निम्मा म्हणजे दीड वर्ष. राहत्या घरातली चोरी, कलम 305, कमाल 7 वर्षं. इथे एक तृतीयांश 2 वर्षं 4 महिने. पण हीच चोरी रात्री घर फोडून झाली आणि पोलिसांनी 331(4) लावलं, तर चोरीच्या उद्देशाने केलेल्या रात्रीच्या घरफोडीची कमाल शिक्षा 14 वर्षं आहे, आणि एक तृतीयांश थेट 4 वर्षं 8 महिन्यांवर जातो. म्हणून एफआयआर बघून हिशेब करू नका. दोषारोपपत्रात, आणि दोषारोप निश्चित झाले असतील तर न्यायालयाच्या आदेशात, जी कलमं आहेत त्यातलं सर्वांत जड कलम धरा. खुनाच्या प्रयत्नाच्या कलम 109 मध्ये दुखापत झाली असेल तर जन्मठेपेची तरतूद आहे, त्यामुळे अशा प्रकरणात हा मार्ग नाही.

‘पहिल्यांदा’ याचा अर्थ पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही एवढाच. आधी अटक झाली होती पण निर्दोष सुटला, तर तो पहिल्यांदाचाच. मात्र पूर्वी शिक्षा झाली असेल तर निम्म्या काळाचा नियम.

नवी संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, त्याआधीची केस असली तरी कलम लागू होतं. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑगस्ट 2024 ला तसा आदेश देऊन देशभरातल्या कारागृह अधीक्षकांना अर्ज मार्गी लावायला सांगितलं. जुनी भारतीय दंड विधानाची कलमं असलेल्या कैद्याला ‘तुमची केस जुनी आहे’ असं कुणी सांगितलं तर या आदेशाची तारीख दाखवा.

दिवस कसे मोजायचे

अटकेच्या तारखेपासून. पीसीआरचे (पोलीस कोठडीचे) दिवसही धरा, घरचे बहुधा एमसीआरपासून (न्यायालयीन कोठडीपासून) मोजतात आणि तेवढे दिवस गमावतात. तात्पुरत्या जामिनावर बाहेर काढलेले दिवस वजा होतात. आरोपीमुळे झालेला उशीरही वजा होतो, म्हणून रोजनाम्याच्या, म्हणजे न्यायालयातल्या तारीखवार नोंदीच्या, नकला आधीच काढून ठेवा. साक्षीदार आला नाही, पोलिसांनी कैद्याला हजर केलं नाही, न्यायाधीशांची बदली झाली, हे आरोपीच्या नावावर पडत नाही.

दुसऱ्या ठाण्याच्या केसमध्ये प्रॉडक्शन वॉरंटवर (आधीच आत असलेल्याला हजर करण्याच्या न्यायालयाच्या हुकुमावर) ताबा घेतला असेल तर त्या केसचे दिवस ताबा घेतला तेव्हापासून. पहिल्या केसच्या अटकेची तारीख दोन्हीकडे चालत नाही.

अर्ज कोण करतो

इथे कायदा कैद्याच्या बाजूने आहे. कलम 479(3) नुसार मुदत भरताच न्यायालयाला लेखी अर्ज करणं ही कारागृह अधीक्षकांची जबाबदारी आहे. नागपूर मध्यवर्ती कारागृह वर्धा रोडवर, रहाटे कॉलनी चौकाजवळ आहे. मुलाखतीला जाल तेव्हा कैद्याला सांगा की त्याने आतूनच अधीक्षकांकडे लेखी मागणी करावी. तुम्हीही बाहेरून अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात एवढं पुरतं (न्यायबंदी म्हणजे कच्चा कैदी):

“न्यायबंदी ... , केस क्रमांक ... , न्यायालय ... . अटक दिनांक ... . सर्वांत जड कलम ... , कमाल शिक्षा ... वर्षे. पूर्वी शिक्षा नाही. अन्य प्रकरण प्रलंबित नाही. एक तृतीयांश कालावधी दिनांक ... रोजी पूर्ण. कलम 479(3) नुसार न्यायालयास अर्ज करावा ही विनंती.”

केस क्रमांकाकडे लक्ष द्या. प्रथमवर्ग न्यायालयातून केस सत्र न्यायालयाकडे गेली की क्रमांक बदलतो, कारागृहाच्या नोंदीत मात्र जुनाच राहू शकतो, आणि अर्ज चुकीच्या न्यायालयात जातो. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर नाव टाकून आजचा क्रमांक आणि 16 अक्षरांचा सीएनआर (केसचा कायमचा ओळख क्रमांक) काढा आणि तोच लिहा.

अधीक्षकांकडून हालचाल नसेल तर कैद्याचा वकील थेट, जिथे केस चालू आहे त्या न्यायालयात अर्ज करू शकतो. वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हेल्पलाइन 15100. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची न्यायबंदी पुनर्विलोकन समितीही अशी नावं तपासते, तेव्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे नाव लेखी द्या.

हिवाळी अधिवेशनात विधानभवनावर निवेदनं घेऊन जाणारे कुटुंबीय असतात. तुरुंग राज्याच्या अखत्यारीत असले तरी या कलमाखाली सुटका फक्त न्यायालयच करतं. मंत्र्याच्या शेऱ्याने कुणी सुटत नाही.

कागद

मुख्य कागद म्हणजे कारागृहाचा कस्टडी दाखला. त्यात अटकेची तारीख, आतले एकूण दिवस आणि इतर प्रकरणं असतात. सोबत दोषारोपपत्र, रोजनाम्याच्या नकला, पूर्वी शिक्षा नसल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार आणि पत्त्याचा पुरावा.

आता जामीनदार. संहितेच्या कलम 2 मध्ये ‘बंधपत्र’ म्हणजे जामीनदाराशिवायचा जातमुचलका, आणि ‘जामीन बंधपत्र’ म्हणजे जामीनदारासह. पहिल्यांदा अडकलेल्याला एक तृतीयांशावर ‘बंधपत्रावर’ सोडायचं आहे. म्हणजे त्याला जामीनदार लागू नये. वकिलाने हे अर्जात ठळक मांडलं नाही तर सवयीने जामीनदाराची अट पडते, आणि आदेश होऊनही माणूस आतच राहतो.

निम्म्या काळावर सुटणाऱ्याला जामीनदार लागू शकतो. त्याची घरकर पावती किंवा 7/12, आधार, फोटो, नोकरदार असेल तर पगारपत्रक न्या. आधी किती जणांचा जामीनदार होता हे त्याला कलम 486 खाली सांगावं लागतं. खोटं निघालं की तो बाद होतो. रक्कम झेपत नसेल तर कलम 484 खाली कमी करून मागा, रोख भरायची असेल तर कलम 490. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांप्रमाणे जामीन मिळून 7 दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदत ठरवली होती. यूएपीए (दहशतवादविरोधी), एनडीपीएस (अमली पदार्थ), पीएमएलए (मनी लाँडरिंग) आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याची प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत.

अर्ज कुठे फसतो

सरकारी वकील ‘एकाहून जास्त गुन्हे’ हे शब्द धरून, एकाच एफआयआरमध्ये चार कलमं आहेत म्हणून हरकत घेऊ शकतात. त्यावर अर्जातच लिहा: घटना एक, एफआयआर एक, खटला एक. न्यायालय कारणं लिहून निम्म्याहून जास्त काळही ठेवू शकतं, पण कमाल शिक्षेपलीकडे कुठल्याच परिस्थितीत नाही.

दुसरी केस असल्यामुळे 479 बंद झालं तरी कलम 480 किंवा 483 चा नेहमीचा जामीन बंद होत नाही. तिथे लांबलेली कोठडी हा मुद्दा मांडता येतो, महिला आणि आजारी आरोपींसाठी 480 मध्ये वेगळी सवलत आहे. सत्र न्यायालयाने नाकारलं तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. दोषारोपपत्र 60 किंवा 90 दिवसांत आलंच नाही तर मिळणारा जामीन हा कलम 187(3) चा वेगळा हक्क आहे, त्यासाठी एक तृतीयांशाची वाट बघायची नसते.

सुटकेचा आदेश कारागृहात पोहोचला की नाव, वडिलांचं नाव आणि केस क्रमांक जुळवले जातात. आदेशात ‘राजू’ आणि नोंदीत ‘राजेंद्र’ असेल तर दुरुस्तीसाठी पुन्हा न्यायालयात जावं लागतं, म्हणून आदेशाची प्रत मिळताच तिथेच, लिपिकासमोर, ही तीन नावं-आकडे कस्टडी दाखल्याशी ताडून घ्या.