बेंच ड्रिल : घरगुती सुतारकामासाठी निवड

खांबावर बसवलेले, बिट (भोक पाडणारे फिरते पाते) टेबलाशी काटकोनात ठेवून भोक पाडणारे यंत्र. जमिनीवर उभा राहणारा उंच प्रकार पिलर ड्रिल होय. ठाणे-नवी मुंबईच्या सदनिकांत जागेअभावी मेजावरचा प्रकारच सोयीचा पडतो.

उगम : याचा पूर्वज म्हणजे कमानीच्या दोरीने फिरणारा सामता. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे मानवी दातांत पाडलेली भोके आढळली असून ती सु. ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीची मानतात. गारेचे टोक असलेल्या सामत्याने ती पाडली असावीत, असे संशोधक म्हणतात. लाकडी कमान टिकणारी वस्तू नसल्याने हे अनुमानच आहे. विजेच्या ड्रिलचे श्रेय काही जण मेलबर्नच्या आर्थर आर्नट व विल्यम ब्रेन यांना (१८८९), तर काही स्टुटगार्टच्या फाइन यांना (१८९५) देतात. पहिले यंत्र खडक व कोळशासाठी होते, हाती धरण्याजोगे दुसरे. त्यामुळे कारागिराच्या दृष्टीने फाइन यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. सुतारकामाला मात्र याहून मोठी देणगी बेंजामिन फोर्स्टनर यांच्या १८७४ च्या पेटंटची. त्यांचे बिट मुख्यतः कडेच्या आधाराने चालते, म्हणून भोकाचा तळ सपाट येतो.

वेग : लाकडासाठी यंत्र घेताना अश्वशक्तीआधी मिनिटाचे सर्वांत कमी फेरे पाहावेत. कपाटाच्या ऑटो हिंजसाठी (दारात गोल खळगा करून बसवायच्या बिजागरीसाठी) ३५ मिमी.चे भोक लागते. १,४४० फेऱ्यांना या बिटाची कड मिनिटाला सु. १५८ मी. धावते, प्लाय काळा पडतो, धूर येतो. ५०० फेऱ्यांना तीच गती ५५ मी. राहते. म्हणून पुलीच्या पायऱ्यांत (पट्टा सरकवून वेग बदलायच्या टप्प्यांत) ५०० किंवा त्याखालचा वेग असलाच पाहिजे. लहान बिटांना २,५०० च्या आसपासचे फेरे चांगले.

खोली : हिंजचे भोक साधारण १२ मिमी. खोल, प्लाय बहुधा १८ मिमी. बिटाचे मधले टोक पुढे असल्याने वाव थोडाच उरतो. डेप्थ स्टॉपचा (ठरलेल्या खोलीवर बिट थांबवणाऱ्या अडथळ्याचा) नट घट्ट बसतो का, हे दुकानातच तपासावे. क्विल (वरखाली सरकणारी नळी) पूर्ण खाली ओढून चक (बिट धरणारा जबडा) आडवा हलवावा. हाताला खेळ जाणवला तर ते यंत्र घेऊ नये.

माप : ‘१२ इंची’ यंत्र म्हणजे १२ इंच रुंद फळीच्या मध्यावर भोक पाडणारे, चक ते खांब अंतर ६ इंचच. काही माहितीपत्रकांत थेट हे अंतरच देतात, त्यामुळे तुलना करताना एकाच मापाने करावी. टेबल धातूकामाच्या बेताने केलेले, म्हणून लहान असते. त्यावर प्लायचे जादा टेबल व सरकती पट्टी बोल्टने बसवतात.

वीज व परिसर : वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांतून निघालेले जुने यंत्र मजबूत असले, तरी त्याची मोटर थ्री-फेज असू शकते, घरी २३० व्होल्ट सिंगल-फेज असते. मोटर बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर लवकर गंज चढतो. मेण घासून ठेवल्यास तो बराच रोखला जातो.