बाळाचे श्वास एक मिनिट मोजा

पावसाळा सुरू झाला किंवा दिवाळीनंतर थंडी पडू लागली, की लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत सर्दी-खोकला मुक्कामाला येतो. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे यात वावगे काही नाही. ही दुखणी बहुतांशी विषाणूंमुळे होतात आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरतात. अडचण अशी, की दरवर्षी जगभरात पाच वर्षांखालील सात लाखांहून अधिक मुलांचा जीव घेणारा न्यूमोनियाही सुरुवातीला याच सर्दी-खोकल्याच्या रूपाने घरात शिरतो. घरातल्यांचे लक्ष सहसा खोकल्याच्या आवाजाकडे, छातीतल्या घरघरीकडे किंवा शेंबडाच्या रंगाकडे जाते, पण यांपैकी एकाही गोष्टीवरून न्यूमोनिया ओळखता येत नाही. शेंबूड घट्ट आणि पिवळा होणे हा तर साध्या सर्दीचाच नेहमीचा टप्पा आहे. भरवशाची खूण श्वासाच्या गतीत असते आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ जवळ असेल तर ती कोणालाही तपासता येते.

न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोशांत, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांत, पू आणि द्रव साचतो. हवेतला प्राणवायू रक्तात मिसळण्याची जागा त्यामुळे कमी होते आणि फुप्फुस ताठर बनून एका श्वासात पुरेशी हवा आत घेऊ शकत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर श्वासांची संख्या वाढवते. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे डॉ. फ्रँक शान यांनी १९८०च्या दशकात खोकणाऱ्या मुलांची पाहणी करून असे दाखवले, की क्ष-किरण यंत्र नसलेल्या ठिकाणी श्वासाची गती हा न्यूमोनियाचा पुष्कळसा विश्वासार्ह निकष ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे याच धर्तीवर वयानुसार मर्यादा ठरवल्या. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या, दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद आहे असे समजावे आणि त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

मोजताना मूल शांत असले पाहिजे. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजण्यात अर्थ नाही. कपडे छातीपासून पोटापर्यंत वर करावेत, पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास धरावा आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा मोह टाळावा, कारण तान्ही बाळे काही क्षण भराभर श्वास घेतात, मध्येच थोडे थांबतात आणि पुन्हा सुरू करतात. अगदी लहान बाळाच्या बाबतीत आकडा ६० किंवा अधिक आला तर लगेच दुसऱ्यांदा मोजून खात्री करावी. तापानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजणे इष्ट. मात्र तेवढ्यासाठी दवाखान्यात जाणे लांबवू नये.

ही रीत खेड्यातही राबवता येते, हे गडचिरोलीने सिद्ध केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना आणि दाईंनाही श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व गोळ्या-औषध द्यायला शिकवले. ज्यांना साठपर्यंत अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्यापूर्वी मर्यादा दाखवणारा लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजायचा, इतकी सोपी ती युक्ती होती. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, उपचार मिळालेल्या न्यूमोनियाग्रस्त मुलांतील मृत्यूंचे प्रमाण ०.८ टक्के होते आणि न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या निम्म्याहून कमी होते. कोविडच्या काळात घरोघर आलेल्या ऑक्सिमीटरपेक्षा मला आजही हे मणी अधिक मोलाचे वाटतात. प्रौढांच्या बोटासाठी बनवलेले ते यंत्र तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट बसतसुद्धा नाही.

श्वास जलद असण्याच्या पुढची पायरी म्हणजे छाती आत ओढली जाणे. एरवी श्वास आत घेताना छाती व पोट दोन्ही वर येतात. आजार बळावला की प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातो आणि पोट भात्यासारखे चालू लागते. त्यातच मूल दूध ओढेनासे झाले, प्यायलेले सारे ओकू लागले, झटके आले, ते मलूल पडले किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. मेळघाटात अशा बाळांच्या पोटावर तापवलेल्या विळ्याने चटके देण्याच्या घटना अजूनही घडतात. जोरात हलणारे पोट पाहून दुखणे पोटातच आहे असे वाटणे समजण्यासारखे आहे, परंतु बिघाड वर फुप्फुसात असतो आणि चटक्यांमुळे उपचाराचे मोलाचे तास हातचे जातात.

शहरी, शिकल्या-सवरल्या घरांतील चूक वेगळ्या प्रकारची असते. साध्या सर्दीला प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) द्यावीत असा तेथे आग्रह धरला जातो आणि खोकल्याचे औषध परस्पर दुकानातून आणले जाते. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. खोकल्याच्या औषधांविषयी तर २०२५ मधील मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची दुर्घटना पुरेशी बोलकी आहे: डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या औषधाने तेथील लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणावे लागले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे बजावले. अंगावरचे दूध वारंवार पाजणे, मोठ्या मुलाला कोमट पाणी किंवा वरणाचे पाणी देणे, नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब घालणे एवढ्यावर साधी सर्दी निभावते. वर्षावरील मुलाला चमचाभर मध चालेल. वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये.

प्रतिबंधाचा विचार करताना आपल्याकडे धुराचा मुद्दा आधी घ्यावा लागतो. चुलीचा धूर, घरातील बिडी-सिगारेट आणि न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा-ऊद टाकून बाळाला दिली जाणारी धुरी, या सर्वांनी श्वासनलिकांचे अस्तर दुखावते व जंतूंना वाट मोकळी होते. मालीश, ऊबदार कपडे, मायेची न्हाणी हे सारे जरूर ठेवावे. धुरी तेवढी वगळावी. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुणे यांचे महत्त्वही कमी नाही.

लसींपैकी पेंटाव्हॅलंट लस ६, १० व १४ आठवड्यांना दिली जाते आणि तिच्यातील एक घटक ‘हिब’ या न्यूमोनियाच्या जंतूला रोखतो. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या दुसऱ्या जंतूला रोखणारी न्यूमोकोकल लस ६ आणि १४ आठवड्यांना व नवव्या महिन्यात मिळते; २०२१ पासून ती देशभर सरकारी केंद्रांत मोफत आहे. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया गोवर-रुबेला लसीने टळतो. एखादी तारीख हुकली म्हणून लस सोडून देऊ नये: बाळाला वर्ष पूर्ण होण्याआधी न्यूमोकोकल लसीचा पहिला डोस मिळाला असेल तर उरलेले डोस नंतरही देता येतात, आणि त्यांच्या तारखा आशाताई किंवा परिचारिका लसीकरण कार्डावर लिहून देतात.