मरळ मासेमारी (खानदेश)

धरणांच्या फुगवट्यातील गवताळ, उथळ पाण्यात ट्यूब, तराफा किंवा लहान होडीवर बसून मरळ हा शिकारी मासा गळाने धरण्याची पद्धत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ती चालते. जाळ्याच्या मासेमारीपुढे हिचे उत्पन्न किरकोळ आहे. पण जाळे जिथे गवतात आणि काटेरी फांद्यांत अडकून फाटते, तिथे गळाशिवाय दुसरे काही चालत नाही, आणि मरळ नेमकी तिथेच राहते.

मुलताईजवळ उगम पावून पश्चिमेकडे वाहणारी ७२४ किमी लांबीची तापी हा या मासेमारीचा कणा. चांगदेवजवळ पूर्णा तिला मिळते आणि थोडे खाली हतनूरचे धरण लागते. हतनूरच्या जलाशयात गाळ बराच साचला आहे. पाटबंधारे खात्याची ती डोकेदुखी, मरळीची मात्र चंगळ. कारण गाळ म्हणजे उथळ पाणी आणि उथळ पाणी म्हणजे पाणकणीस, जलपर्णी, हायड्रिला असे पाणगवत. पश्चिमेला गुजरातेत १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांत शिरतो. त्याच्या काठच्या खोंगळ्यांत, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या पाण्यात, बुडालेल्या झाडांचे सांगाडे आणि बेशरमाची झुडपे दाटीने आहेत. वाघूर, अनेर, पांझरेवरचे अक्कलपाडा, झालेच तर धुळ्याचा नकाणे तलाव, ही त्या मानाने लहान पाणी.

मरळ म्हणजे चन्ना प्रजातीतले मासे. चन्ना स्ट्रायटा सर्वत्र भेटते. चन्ना मारुलियस ही तिच्याहून मोठी होणारी, मीटरभर लांबीची भावंड. डोके सापासारखे चपटे, अंग लांब गोल, तोंडात तीक्ष्ण दात. कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी पोकळी असल्याने तिला दर थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावेच लागते. वर येऊ दिले नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. उलट पाण्यातला प्राणवायू संपला तरी तिचे अडत नाही. भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, पाणी आटून कोमट होते, रोहू-कटला तोंडे वर काढून धापा टाकू लागतात, तेव्हाही मरळ गवताखाली निवांत दबा धरून असते. तळे पारच आटले तर ती ओल्या चिखलात तग धरते आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे पाणी गाठते. बेडूक, किडे, लहान मासे हे तिचे खाणे. भारतात १९५२ साली आणलेली आणि आता धरणाधरणांत माजलेली चिलापीही तिला चालते. स्वतःच्या जातीची पिल्लेही ती सोडत नाही.

श्वासासाठी वर येण्याची हीच सवय तिला धरून देते. जाणता गळकरी आधी काही टाकतच नाही. गवताच्या खिडक्यांकडे, म्हणजे दाट वाढीत मधेच मोकळ्या राहिलेल्या पाण्याकडे बघत बसतो. तिथे वर्तुळ उठले, दोन-चार बुडबुडे फुटले की जागा कळली. मग आमिष त्या वर्तुळावर न टाकता पलीकडे हातभर अंतरावर टाकायचे आणि गवतावरून ओढत खिडकीत आणायचे. पूर्वी आमिष म्हणजे जिवंत बेडूक किंवा लहान मासा; अलीकडे पोकळ रबरी बेडूक बरेच जण वापरतात. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असल्याने ते गवतात अडकत नाहीत आणि मासा चावला की रबर दबून उघडे पडतात. झडप बसताच हिसका द्यायचा नाही, हे नवख्याला पटवणे सर्वांत कठीण. पाणी फुटलेले दिसते, हात आपोआप वर जातो आणि बेडूक मोकळाच उडून येतो. क्षणभर थांबून दोऱ्याला वजन जाणवले की मगच ओढायचे, आणि एकदा ओढले की ढील द्यायची नाही, कारण मरळ सरळ गवताच्या बुडात घुसते. म्हणून इथे साधा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पुरत नाही. ब्रेडेड लाईन, म्हणजे विणलेला मजबूत दोरा, आणि आखूड, ताठ काठी लागते.

काठावरून हे साधत नाही, कारण चिखलात पाय रुततात आणि माणसाची चाहूल पाण्याला लागते. ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब आणि तिच्यावर आडवी फळी, हे सर्वांत स्वस्त वाहन. दुसरे थर्माकोलचे तुकडे पोत्यात बांधून केलेला तराफा. दोन्हींना वीतभर पाणी पुरते आणि आवाज होत नाही. मोठी मरळ लागली तर ती ट्यूबसकट माणसाला गवताकडे खेचते. बुडालेल्या बाभळीचे काटे ही ट्यूबवाल्यांची खरी धास्ती. एक काटा पुरे होतो, आणि हायड्रिलात पाय गुंतले तर पोहणाराही हतबल होतो. लाईफ जॅकेट क्वचितच कोणाच्या अंगावर दिसते, जे सरळसरळ चुकीचे आहे.

याच धर्तीची मासेमारी कॅलिफोर्नियाच्या समुद्रात कयाक या अरुंद, हलक्या होडीवरून चालते. तिथे दिवसाला अर्ध्या मीटरहून जास्त वाढू शकणाऱ्या केल्प या समुद्री शैवालाच्या रानात ‘केल्प बास’ दबा धरून असतो. तो आपल्या हेकरू या समुद्री माशाच्या गोतावळ्यातला आणि गळ लागला की केल्पच्या बुडख्यात घुसणारा. तिथले लोक नांगर न टाकता केल्पचा एखादा दांडा मांडीवर ओढून कयाक जागेवर ठेवतात. इथे वाळक्या बाभळीच्या फांदीला दोरी अडकवतात. केल्पला थंड पाणी लागते, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर त्याची राने नाहीत. तिकडे १४ इंचांपेक्षा लहान बास ठेवता येत नाही.

मरळीचे आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे नाते दुहेरी आहे. जलाशयाचा ठेका घेऊन संस्था रोहू, कटला, मृगळ या कार्प माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, सोडते आणि मरळ ती खाते. त्या दिवसांत ती शत्रू ठरते. बाजारात मात्र तिला कार्प माशांपेक्षा चढा भाव मिळतो. ठेक्याच्या पाण्यात हौशी गळकऱ्याने संस्थेची परवानगी घेतलीच पाहिजे. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे तर कायद्यानेच गुन्हा आहे.

मृगाच्या पावसानंतर विणीचा काळ येतो. नर-मादी गवत बाजूला सारून गोल जागा करतात आणि पिवळसर अंडी पाण्यावर तरंगत ठेवतात. एक-दोन दिवसांत पिल्ले निघतात आणि लालसर-नारिंगी झुबक्याने पृष्ठभागाजवळ फिरू लागतात. खाली आईबाप राखणीला असतात. झुबक्यावरून काहीही ओढले तरी ते धावून येतात. भूक नसतानाही चावणारा मासा धरण्यात कसब काही नाही, आणि राखण गेली की सारा झुबका इतर मासे व बगळे एका दिवसात फस्त करतात. तरीही पावसाळ्यात अशाच मरळी मोठ्या संख्येने निघतात. नेमक्या याच दिवसांत हतनूरचे ४१ दरवाजे कमी-जास्त उघडले जातात, तेव्हा धरणाखालच्या पात्रात ट्यूब टाकणे जिवावर बेतू शकते.

हवेवर जगत असल्याने मरळ ओल्या पोत्यात गुंडाळून जिवंत बाजारात नेता येते आणि घमेल्यात ठेवून विकता येते. मेलेल्या मरळीला निम्मे गिऱ्हाईकही उभे राहत नाही. अंगाला बुळबुळीत चिकटा असतो, म्हणून चिरण्याआधी चुलीची राख चोळतात. मांसात बारीक काटे नसल्याने लहान मुलांना आणि आजाऱ्यांना ती मुद्दाम देतात. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळा मसाला घालून केलेला तिचा रस्सा कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीबरोबर खातात.